मॅकडोनेल साहेब, जंकवरची तोफ काढलीत, मग स्टीमरवर बंदूक का चढली?

प्रति,
सर रिचर्ड ग्रेव्हज मॅकडोनेल,
गव्हर्नर, हाँगकाँग (१८६६ ते १८७२)

साहेब, नमस्कार.

तुम्ही १८८१ मध्येच गेलात, त्यामुळे उत्तराची अपेक्षा नाही. पण तुमच्यानंतर त्या खुर्चीत बसलेले, आणि आजसुद्धा समुद्रावर कोणी हत्यार बाळगायचं आणि कोणी नाही याचे नियम एसी केबिनमध्ये बसून लिहिणारे जे कोणी आहेत त्यांच्या नजरेस पडलं तर बरं, म्हणून हे खुलं पत्र. मी मर्चंट नेव्हीत आहे, इतिहास हा माझा धंदा नाही, पण वॉच संपला की वाचायला वेळ मिळतो आणि साउथ चायना सी मधून जाताना तिथल्या चाच्यांबद्दल वाचायची सवय लागली ती लागलीच.

तर मुद्दा तुमच्या कायद्यांचा. १८६६ च्या मार्चमध्ये तुम्ही आलात आणि त्याच वर्षी धडाधड नियम काढलेत. प्रत्येक चिनी जंकने (शिडाच्या लाकडी गलबताने) लायसन घ्यायचं, ठरवून दिलेल्या जागीच नांगर टाकायचा, आल्याची नोंद करायची, निघताना क्लिअरन्स घ्यायचा, पोलिसांना वाटेल तेव्हा झडती घेता येणार, चाच्यांना माल किंवा दारूगोळा पुरवणाऱ्याला शिक्षा. आणि या सगळ्याच्या मागे तुमचं एक ठाम मत होतं की व्यापारी जंकवर तोफा आहेत तोवर चाचेगिरी संपणार नाही, कारण तोफा असलेली जंक आज व्यापारी असते, उद्या समोर एकटं दुकटं गलबत दिसलं की चाचा होते. म्हणून सगळ्यांच्याच तोफा काढा, कँटनच्या व्हाइसरॉयलाही (तिथल्या चिनी सुभेदारालाही) तेच पटवा.

मत अगदीच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. त्या काळची जंक डोळ्यासमोर आणा. चटईची शिडं, खाली मीठ नाहीतर तांदूळ, डेकवर दोन्ही बाजूंना दोराने आवळून बांधलेल्या लोखंडी तोफा, कुठे फोशानच्या ओतीव, कुठे कुठल्यातरी युरोपियन जहाजावरून उतरलेल्या, बाजूला भाल्यांचा जुडगा, आणि डोलकाठीवर टोपलीत मडकी चढवून ठेवलेली. त्या मडक्यात गंधक आणि बंदुकीची दारू. शेजारी जहाज लागलं की वर चढलेला माणूस वात पेटवून मडकं खाली टाकणार, डेकवर फुटलं की असा धूर आणि असा वास की खलाशी आंधळे होऊन सरळ पाण्यात उड्या मारायचे, आणि मग ह्यांनी निवांत चढायचं. आता हेच सगळं सामान प्रामाणिक व्यापाऱ्याकडेही आणि लुटारूकडेही. लांबून दुर्बिणीतून बघणाऱ्या गनबोटीच्या कॅप्टनने ओळखायचं कसं? त्यात अर्धे लोक मासेमार. मासे मिळाले तर मासे, हंगाम गेला तर शेजारच्या गावची मिठाची होडी. तुमची अडचण कळते साहेब.

पण एक विचारू का, त्या जंकवाल्यांनी तोफा हौस म्हणून घेतल्या होत्या का?

तुमच्या आधी साठ वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावर झेंग यी साओ या चाच्यांच्या राणीचं राज्य होतं. नवरा १८०७ मध्ये मेला, बाईंनी त्याच्या दत्तक मुलाला, झांग बाओला, हाताशी धरून सगळे ताफे एका शिस्तीत आणले आणि मिठाच्या जंकांना चक्क पास विकले. पास दाखवा, जा. पास नसेल तर माल गेला, नशीब वाईट असेल तर माणसं पण. १८१० मध्ये तिने चिनी सरकारशी तह केला तेव्हा १७,००० च्या वर माणसं, २२६ जंक आणि १,३१५ तोफा सरकारजमा झाल्या. झांग बाओला शिक्षा काय झाली? आरमारात अधिकारी केला! म्हणजे किनाऱ्यावरच्या सामान्य तांडेलाने यातून काय धडा घ्यायचा? सरकार येत नाही, आलं तर चोराला पगारावर ठेवतं, आणि आपली तोफ आपल्यालाच बाळगावी लागते.

मग आले पोर्तुगीज, मकाववरून, त्यांच्या लोर्चा घेऊन (हुल युरोपियन, शिडं चिनी). आम्ही तुम्हाला सोबत देतो, पैसे द्या. सोबत कसली, खंडणीच ती, निंगबो बंदरातल्या मासेमारांना विचारा. शेवटी १८५७ मध्ये तिथे कँटनवाल्या चिनी ताफ्याने पोर्तुगीजांना गाठून मारलं, आणि ते कँटनवाले पण काही संत नव्हते, तेही आधी त्याच धंद्यातले. आणि तुमच्या स्वतःच्या कंपन्यांची अफूची जहाजं? ती तर तोफांनी भरलेली. माळव्याची अफू मुंबईला यायची, मुंबईच्या सेठ लोकांच्या पैशावर चीनला जायची, आणि ती भरलेलं क्लिपर (शिडाचं वेगवान जहाज) हत्यारांशिवाय कोणी पाठवत नव्हतं. आमच्या मुंबईचा हात या सगळ्यात होता हे आम्ही सोयीस्कर विसरतो, इतका की नानकिंगचा तह २९ ऑगस्ट १८४२ ला ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर झाला आणि ज्या तहाने तुम्हाला हाँगकाँग मिळालं ते जहाजसुद्धा मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, १८१३ चं. असो.

तर अफूच्या जहाजांवरच्या तोफा काढायचं तुमच्या मनात आल्याचं कुठे दिसत नाही. मीठ आणि खारे मासे नेणाऱ्याची मात्र काढायची.

आता तुम्ही म्हणाल, आमचं रॉयल नेव्ही होतं ना संरक्षणाला. हो, होतं. तिचा हिशोबही बघू. १८२५ च्या तुमच्या कायद्यात चाच्यामागे बक्षीस होतं, मारलेला किंवा पकडलेला प्रत्येक माणूस २० पौंड, आणि लढाईच्या सुरुवातीला समोरच्या जहाजावर असलेले बाकीचे प्रत्येकी ५ पौंड. हे असं डोक्यावर पैसे ठेवले की डोकी वाढतातच हो. १८४९ च्या ऑक्टोबरमध्ये कमांडर जॉन डॅलरिंपल-हे यांनी आधी हाँगकाँगच्या पूर्वेच्या बायस बे मध्ये चाच्यांचा म्होरक्या चुई आ-पूचा ताफा जाळला, मग तसंच टाँकिनच्या आखातापर्यंत (आजचं उत्तर व्हिएतनाम) जाऊन दुसरा म्होरक्या शाप अंग त्साय याच्या ६४ पैकी ५८ जंक संपवल्या. दीड हजाराच्या वर माणसं मेली. इतकी माणसं मेली आणि त्यात कोण चाचा, कोण जबरदस्तीने धरून आणलेला मासेमार, कोण स्वयंपाकी, कोणाची बायको पोरं, कोणी विचारलं असेल असं वाटत नाही, कारण विचारून २० चे २५ होणार नव्हते. लंडनमध्ये सुद्धा कुजबुज झाली म्हणून तर १८५० मध्ये ते डोक्यामागचे दर रद्द करून कोर्टाने रक्कम ठरवायची असा नवा कायदा आला. आणि शाप अंग त्साय स्वतः? निसटला, चिनी सरकारची माफी घेतली आणि नोकरीला लागला. म्हणजे पुन्हा तोच झांग बाओ. खालचे मेले, वरचा सेटल.

त्या मोहिमेत दुभाष्या म्हणून होते तुमचे डॅनियल कॉल्डवेल. चिनी समुद्रातल्या चाच्यांबद्दल सरकारला जी काही माहिती मिळायची ती बरीचशी याच माणसाच्या तोंडून, कारण चिनी भाषा येणारे गोरे अधिकारी होतेच किती. आणि कॉल्डवेलना माहिती कुठून? त्यांचा खास खबऱ्या मा-चाउ वाँग, ज्याला १८५७ मध्ये खुद्द हाँगकाँगच्या कोर्टाने चाच्यांशी साटंलोटं केल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा दिली. कॉल्डवेल साहेब त्याला सोडवायला किती धडपडले हे तुम्हाला माहीत असणार. पुढे चौकशी होऊन त्यांची नोकरी गेली. म्हणजे कोणती जंक चाच्याची आणि कोणती व्यापाऱ्याची हे सरकारला सांगणारा माणूसच चाच्यांच्या हिश्श्यात! अशा सरकारच्या भरवशावर तोफ उतरवून ठेवायची म्हणता?

आणि ॲरो नावाच्या बोटीचं प्रकरण तर विसरू नका. ८ ऑक्टोबर १८५६. लोर्चा चिनी माणसाची, खलाशी चिनी, रजिस्ट्रेशन हाँगकाँगचं, वर तुमचा झेंडा. कँटनला चिनी पोलिसांनी चाचेगिरीच्या संशयावरून १२ खलाशी उचलले. म्हणजे बघा, चिनी सरकार जे काम करत नाही म्हणून तुम्ही लोक ओरडत होतात तेच काम ते करत होतं. आणि त्या लोर्चाचं रजिस्ट्रेशन तर काही दिवस आधीच संपलेलं. पण कॉन्सल पार्क्स आणि गव्हर्नर बाउरिंग म्हणाले आमच्या झेंड्याचा अपमान झाला, आणि त्यावरून दुसरं अफूचं युद्ध. कँटनच्या व्हाइसरॉयला, येह मिंगचेनला, पकडून कलकत्त्याला नेऊन ठेवलं, तिथेच १८५९ मध्ये गेला बिचारा. आणि मग १८५८ च्या तिएनत्सिनच्या तहात काय लिहिलं तर चाचेगिरी मोडायला दोन्ही सरकारं मिळून उपाय करतील. वा!

तुमच्या झेंड्याखाली असलेल्याला चिनी सरकारने हात लावायचा नाही, आणि झेंडा नसलेल्या जंकची झडती तुम्ही घ्यायची. ह्याला पोलीसिंग म्हणत असाल तर म्हणा.

आमच्या कोकणाला हे नवीन नाही. पोर्तुगीजांचे कार्ताझ (समुद्रावर फिरायचे परवाने) आम्ही पाहिलेत, जहाजावर माणसं किती हत्यारं किती सगळं त्या कागदावर, कागद नसेल तर जहाज जप्त. मग कान्होजी आंग्र्यांनी सांगितलं की आमच्या किनाऱ्यावरून जायचं तर आमचा दस्तक घ्या, तेव्हा हेच ईस्ट इंडिया कंपनीचे लोक म्हणाले आम्ही नाही घेणार, आमचा पास असलेलं जहाज तुम्ही सोडायचं. पास विकणारा कोण आणि विकत घेणारा कोण एवढ्यावरच सगळं अडलेलं. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला (आणि त्यात पेशव्यांचा हात होता, ते दुखणं वेगळं), तेव्हा आंग्र्यांचं आरमार जळलं, आणि मग किनाऱ्यावर एकाच दुकानाचे पास उरले. त्यामुळे हाँगकाँगच्या हार्बर ऑफिसातल्या लायसनच्या रांगेत उभा असलेला जंकवाला मनात काय म्हणत असेल हे मला चीनला न जाता पण कळतं.

तरी तुमच्या बाजूचं पण लिहितो, नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे. तुमच्या आधीचे गव्हर्नर गनबोट पाठवा, जाळा, परत या एवढंच करायचे. तुम्ही बंदरातली नोंद पकडलीत आणि ते डोकं चाललं. चाचा हा समुद्रात राहत नाही, तो बंदरात राहतो. त्याला माल विकायला दुकान लागतं, दारूगोळा घ्यायला दुकान लागतं, कोण कधी निघणार याची खबर लागते, आणि हे सगळं त्याला तुमच्याच हाँगकाँगमध्ये मिळत होतं. शौकीवान, ॲबर्डीन अशा ठिकाणी चौक्या बसवून येणारा जाणारा लिहून घेतलात तेव्हा त्या खबरीचा आणि सप्लायचा गळा आवळला गेला. कँटनचा व्हाइसरॉय रुइलिन यानेही त्याच सुमारास वाफेच्या गनबोटी घेतल्या आणि दोघांनी मिळून काम केलं. १८७० च्या आसपास मोठ्या ताफ्यांची चाचेगिरी बरीच खाली आली हे खरं आहे, आणि त्याचं क्रेडिट तुम्हाला आहे. फक्त ते नोंदीचं क्रेडिट आहे, तोफा काढण्याचं नाही, एवढंच माझं म्हणणं.

आणि गंमत बघा, त्याच रुइलिनच्या गनबोटी हाँगकाँगच्या भोवती उभ्या राहून जंकवरच्या अफूचा कर वसूल करायला लागल्या तेव्हा तुम्हीच केवढे चिडलात, नाकेबंदी नाकेबंदी म्हणून! चाचा पकडायला आली तर मित्र, टॅक्स घ्यायला आली तर शत्रू. जुगाराच्या अड्ड्यांनी पोलीस भ्रष्ट होतात म्हणून १८६७ मध्ये अड्ड्यांनाच लायसन देऊन टाकलंत, ते एक. आणि जाता जाता, १८६२ मध्ये मुंबई पोलिसातून आलेल्या पोलीसप्रमुख क्विन साहेबांच्या वेळी मुंबईहून जे शिपाई हाँगकाँग पोलिसात भरले होते ते तुम्हाला काही पसंत पडले नाहीत, त्यांच्या जागी तुम्ही शीख आणलेत. राग नाही, फक्त नोंद करून ठेवतो, तुम्हाला नोंदी आवडतात म्हणून.

आता खरा प्रश्न, ज्यासाठी एवढं लिहायला घेतलं.

जंकवरच्या तोफा गेल्या, मग चाचे कुठे गेले? ते तिकीट काढून स्टीमरवर चढले. २२ ऑगस्ट १८७४, कँटनहून मकावला जाणारी स्पार्क. प्रवासी म्हणून आलेल्या लोकांनी वाटेत हत्यारं काढली, कॅप्टनला मारलं. १० डिसेंबर १८९०, हाँगकाँगहून स्वाटौला जाणारी नामोआ. परदेशात राबून साठवलेले पैसे कनवटीला लावून घरी निघालेले गरीब चिनी प्रवासी, आणि त्यांच्यातच मिसळून बसलेले चाळीसेक चाचे. दुपारच्या जेवणाच्या वेळेला पिस्तुलं निघाली, कॅप्टन पोकॉक गेला, गोऱ्यांना केबिनमध्ये कोंडलं आणि मग कित्येक तास खालच्या डेकवरच्या लोकांच्या गाठोड्या सोडणं चालू. सगळ्यात जास्त कोण लुटलं गेलं ते बघा. पुढच्या वर्षी काउलूनच्या किनाऱ्यावर चिनी सरकारने मुंडकी उडवली आणि गोरे साहेब टोप्या घालून त्या धडांशेजारी उभे राहून फोटो काढून घेते झाले. तो फोटो मिळतो अजून बघायला, मी एकदाच बघितला, बास झालं.

मग तुमच्या वारसांनी काय केलं? १९१४ मध्ये ताइ ऑन ही स्टीमर चाच्यांच्या हल्ल्यात जळली, खूप लोक गेले, त्यानंतर हाँगकाँगने पायरसी प्रिव्हेन्शनचा कायदा आणला. त्यात काय? ब्रिज आणि इंजिनरूमकडे जाणाऱ्या जिन्यांवर लोखंडी जाळ्या, जाळीला कुलूप, अधिकाऱ्यांना हत्यारं, आणि बोटीवर सशस्त्र गार्ड, ज्यात कितीतरी आपले इंडियन. थर्ड क्लासचा चिनी प्रवासी जाळीच्या त्या बाजूला चाच्याबरोबर, आणि साहेब या बाजूला बंदुकीबरोबर. बरं एवढं करून थांबलं का? १९२६ मध्ये सनिंग ही स्टीमर गेलीच, अधिकाऱ्यांनी ब्रिज परत घेतला तर चाच्यांनी बोटीला आग लावली. १९३५ मध्ये टुंगचाउ ही बोट, जिच्यावर उत्तर चीनमधल्या चेफूच्या शाळेत निघालेली सत्तरेक गोरी पोरं, रशियन गार्डपैकी एक मेला, आणि बोट धुरांड्याचा रंग बदलून सरळ बायस बे ला. हो, तीच बायस बे जी १८४९ मध्ये जाळून साफ केली होती. शोधायला विमानवाहू जहाज हर्मीसची विमानं पाठवावी लागली.

तर सांगा साहेब. १८६६ मध्ये नियम असा की हत्यार असेल तर चाचेगिरी वाढते, म्हणून चिनी जंकवाल्याने निःशस्त्र व्हावं आणि सरकारवर विश्वास ठेवावा. १९१४ मध्ये त्याच सरकारचा नियम असा की सरकार सगळीकडे पुरं पडू शकत नाही, म्हणून स्टीमर कंपनीने हत्यार ठेवलंच पाहिजे. दोन्हीतलं एक काहीतरी खरं असेल ना? की समुद्र तोच, चाचे तेच, फक्त बोट कोणाची यावर उत्तर बदलतं?

मी हे उगाच जुनं उकरत नाहीये. एडनच्या आखातातून जाताना आमच्या बोटीला काटेरी तारा गुंडाळतात, फायर होज चालू ठेवतात, कंपनी पैसेवाली असली तर प्रायव्हेट गार्ड चढतात, भाडं कमी असलेल्या जुन्या बोटीला फक्त तारा. आणि लाकडी तरांडी घेऊन आफ्रिकेला जाणाऱ्या कच्छच्या खलाशाला तर तेही नाही, त्याला सांगतात तिकडे जाऊ नका. आणि गार्ड असले की सगळं सुरक्षित असंही नाही, १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळसमोर इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी मासेमारी बोटीला चाचे समजून गोळ्या घातल्या, आपली दोन माणसं मेली. लांबून बघून ओळखायचं कसं हा तुमच्या गनबोटवाल्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. म्हणून तोफा काढा म्हणणाऱ्याला मी वेडा म्हणत नाही. पण ज्याच्याकडून काढता त्याच्या शेजारी रात्री कोण उभं राहणार हे आधी लिहून द्या, आणि जो नियम मिठाच्या होडीला तोच अफूच्या क्लिपरला लावा, मग रांगेत उभं राहायला कोणाची ना नाही.

तुमच्या जुन्या फायलींमध्ये जंकवरून उतरवलेल्या तोफांची यादी असेलच, तुम्ही नोंदीचे पक्के. त्याच यादीशेजारी त्या जंकांची पुढच्या दहा वर्षांतली लूट लावून बघा म्हणावं तिथल्या अर्काइव्हमध्ये बसणाऱ्या कोणाला तरी. चिनी तांडेलांची बाजू त्यातूनच निघेल, बाकी त्यांनी तुम्हाला पत्रं लिहिलेली नाहीत.

कळावे. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, पण तुमच्या हाँगकाँगमध्ये लोभ काही कमी नव्हता, तेव्हा ते राहू दे.

आपला,
एक मराठी खलाशी